स्टॉपरला कोण ओळखतं?

बडोदा

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. ‘सर, पुढच्या सीझनपासून मला फॉरवर्ड खेळायचंय.’ एवढंच. कारण लिहिलं नाहीस, पण ते मला ठाऊक आहे. तो व्हिडिओ माझ्याही फोनवर आला, तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून. कॉर्नर, गोलसमोर गर्दी, तुझ्या गुडघ्याला लागून बॉल आपल्याच गोलमध्ये, आणि खाली हसून लोळणारे चेहरे. त्याआधी तासभर स्टॉपर म्हणून, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा मधला बॅक म्हणून, तू त्यांच्या नऊ नंबरला, त्यांच्या सेंटर फॉरवर्डला, वळूही दिलं नव्हतंस, त्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही. काढणारही नव्हतं.

फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो सर, हो सर’ म्हणतोस आणि नंतर मनातलंच करतोस. म्हणून लिहितोय. एका बैठकीत वाचून संपव.

तुझं गाऱ्हाणं खोटं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात आणि गोल अडवणारा मागे बाटल्या गोळा करत येतो. हे फक्त आपल्या पोलो ग्राउंडवर होतं असं समजू नकोस. बॅलन डी’ओर हा जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान १९५६ पासून दिला जातो. एवढ्या वर्षांत तो फक्त तीन डिफेंडरना मिळाला: बेकेनबाउअर (१९७२ आणि १९७६), मथियास झामर (१९९६) आणि फाबिओ कान्नावारो (२००६). त्यातलेही पहिले दोघे बॉल घेऊन पार पुढे जाणारे, निम्मे हाफच, म्हणजे मधल्या फळीचेच म्हण. तुझ्यासारखा, समोरच्याच्या अंगाला चिकटून राहणारा स्टॉपर म्हणजे एकटा कान्नावारो. उंची पाच फूट नऊ इंच. तुला तुझी उंची कमी वाटते ना, म्हणून सांगितलं. त्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये इटलीवर अख्ख्या स्पर्धेत दोन गोल झाले. एक त्यांच्याच माणसाने केलेला सेमसाइड आणि दुसरा फायनलमधली पेनल्टी. चालू खेळात समोरच्या एकाही खेळाडूला त्यांच्या जाळ्यात बॉल घालता आला नाही. आणि त्या फायनलचं नाव काढलं की लोकांना काय आठवतं? झिदानने मारलेलं डोकं.

२०१९ मध्ये लिव्हरपूलचा स्टॉपर व्हॅन डायक बॅलन डी’ओरच्या अगदी जवळ पोहोचला होता. मेस्सीला ६८६ गुण, त्याला ६७९. सात गुणांनी राहिला. मेस्सीला मिळालं यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही, पण स्टॉपरची हद्द कुठपर्यंत आहे ते त्या सात गुणांवरून कळतं.

आता आपल्या गावाकडे ये. बडोद्यात मराठी घरातल्या पोराने बॅट सोडून फुटबॉल हातात घेतला की आजोबा विचारतात, ‘हजारे इथेच खेळले, ठाऊक आहे ना?’ मलाही विचारलं होतं. तर क्रिकेटचंच उदाहरण घे. आपले विकेटकीपर किरण मोरे. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी एका कसोटीत सहा स्टंपिंग केले, त्यातले पाच एकाच डावात. तो विश्वविक्रम होता. पण ती कसोटी कोणाच्या नावावर आहे? हिरवाणीच्या, सोळा विकेट्समुळे. मग १९९० मध्ये लॉर्ड्सवर मोऱ्यांच्या हातून इंग्लंडच्या गूचचा झेल सुटला, तेव्हा तो ३६ वर होता. पुढे त्याने ३३३ केल्या. सहा स्टंपिंग बडोद्यातल्या बडोद्यात दहा जणांना विचार, दोघांना आठवतील. सुटलेला झेल दहाही जण सांगतील. कीपरचं आणि स्टॉपरचं दुखणं एकच. हातून काही सुटेपर्यंत माणूस दिसतच नाही. पण मोरे त्या झेलानंतरही भारताकडून खेळत राहिले, आणि पुढे निवड समितीचे अध्यक्षही झाले.

आता त्या तुझ्या गुडघ्याबद्दल.

इंग्लंडचे क्लब लिव्हरपूल आणि टॉटनहॅम, ३१ मार्च २०१९, लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड मैदान. ही मॅच शोधून बघच. एक-एक बरोबरी, शेवटची पाचेक मिनिटं उरलेली. लिव्हरपूलचा सगळा संघ पुढे गेलेला आणि टॉटनहॅमला मोकळं मैदान मिळालं. सिसोको बॉल घेऊन धावतोय, शेजारी सॉन, आणि दोघांच्या समोर एकटा व्हॅन डायक. दोनास एक. तू असतास तर काय केलं असतंस मला माहीत आहे. सिसोकोच्या अंगावर धावला असतास, त्याने सॉनला पास दिला असता आणि तू दोघांच्या मध्ये उभा राहून पंचाकडे ऑफसाइड मागितला असतास.

व्हॅन डायक धावला नाही. मागे सरकत राहिला. शरीर असं ठेवलं की सॉनकडे जाणारी वाट बंद. सॉन नेमबाज, दोन्ही पायांनी मारणारा. सिसोको धावणारा, फिनिशर नव्हे, आणि बॉल त्याच्या डाव्या पायाकडे येत होता, जो त्याचा कच्चा पाय. म्हणजे धावता धावता व्हॅन डायकने ठरवलं की मारायचंच असेल तर सिसोकोने मारावं, तेही डाव्याने. अगदी शेवटी पुढे पाऊल टाकलं. सिसोकोने मारला, बॉल बारच्या बराच वरून गेला. टॅकल नाही, हेडर नाही, बॉलला स्पर्शसुद्धा नाही. स्कोअरशीटवर याची काय नोंद होणार? शॉट ऑफ टार्गेट, सिसोकोच्या नावावर.

आणि पुढे काय झालं ते बघ. नव्वदाव्या मिनिटाला सालाहचा हेडर टॉटनहॅमच्या गोलकीपरच्या हातातून निसटला, टॉबी आल्डरवेरेल्डला लागला आणि आत गेला. सेमसाइड. लिव्हरपूल दोन-एकने जिंकलं. एकाच मॅचमध्ये एका स्टॉपरने बॉलला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गोल वाचवला आणि दुसऱ्याला काही न करता गोल लागला. दोघेही बरोबर जागेवर उभे होते.

तुझ्या कामाची गोष्ट त्याच्या पुढची आहे. तो आल्डरवेरेल्ड, जगभर ज्याचा सेमसाइड लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला, दोन महिन्यांनी १ जूनला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये पहिल्या अकरात होता. कोचने त्याला बसवलं नाही. कारण कोचने त्याचा सगळा सीझन पाहिला होता आणि लोकांनी ती क्लिप.

हेच तुझ्या डोक्यात घालायचं आहे, बाकीचं पत्र विसरलास तरी चालेल. तुला टीममध्ये कोण घेतो आणि तुझं नाव कोण घेतं, ही माणसं वेगवेगळी आहेत. फॉरवर्डच्या बाबतीत ती बऱ्याचदा एकच निघतात, कारण गोल कोचलाही दिसतो आणि चहाच्या टपरीवरही. स्टॉपरला पारखणारे मोजकेच: कोच, मागचा गोलकीपर, बाजूचा साइड बॅक, आणि समोरच्या टीमचा नऊ नंबर. परवाची मॅच संपल्यावर त्यांच्या त्याच पोराने मला विचारलं, ‘सर, तमारो चार नंबर कई कॉलेजनो छे?’ तुझ्या त्या ग्रुपातल्या एकाने तरी विचारलं का?

थट्टा होणारच, तीही कुठपर्यंत जाते बघ. हॅरी मॅग्वायर २०१९ मध्ये ८० दशलक्ष पौंडांना मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला, तोवरचा जगातला सगळ्यात महाग डिफेंडर. मग चुका झाल्या आणि इंटरनेटला खेळणं मिळालं. २०२२ मध्ये तर घानाच्या संसदेत एका खासदाराने देशाच्या उपराष्ट्राध्यक्षांची तुलना मॅग्वायरशी केली, टोमणा म्हणून. पुढच्या वर्षी मॅग्वायर पुन्हा नीट खेळायला लागला, नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच खासदाराने संसदेत उभं राहून त्याची माफी मागितली. उपराष्ट्राध्यक्षांची मागितली नाही. तुमच्या ग्रुपवर कोणी माफी मागेल याची मात्र वाट बघू नकोस.

आपल्या देशातही स्टॉपरला लोकांनी डोक्यावर घेतलंय, पण कुठे, ते बघावं लागतं. कोलकात्याच्या मैदानावर गोष्ठ पालांचा पुतळा आहे. मोहन बागानचे बॅक, बुटवाल्या गोऱ्यांसमोर अनवाणी खेळणारे, लोक त्यांना चीनची भिंत म्हणत. १९६२ मध्ये पद्मश्री मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू. फॉरवर्ड नव्हेत, बॅक! आपल्या काळात संदेश झिंगन. चंदीगडचा पोरगा, २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, पहिल्याच हंगामात उगवता खेळाडू ठरला, आणि मल्याळी लोकांनी त्याला आपलाच करून टाकला. २०२० मध्ये तो सोडून गेला तेव्हा क्लबने त्याची २१ नंबरची जर्सी निवृत्त केल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार. मग २०२२ मध्ये त्याच केरळविरुद्धच्या मॅचनंतर त्याने बायकांना हिणवणारं एक वाक्य तोंडातून काढलं. माफी मागावी लागली, आणि काल नाव घेणारेच शिव्या द्यायला लागले. वाक्य चुकीचंच होतं, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्यामुळे त्याची हेडिंग बिघडली नाही आणि भारताच्या बॅकलाइनमधली जागाही गेली नाही.

सगळ्यात मजेची गोष्ट जर्नेल सिंगांची. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताने सुवर्ण जिंकलं, फायनलमध्ये दक्षिण कोरियाला दोन-एकने हरवून. जर्नेल सिंग आपले स्टॉपर, त्या काळात आशियात त्यांच्या तोडीचा बॅक शोधावा लागे. स्पर्धेत त्यांचं डोकं फुटलं, टाके पडले. कोच रहीमसाहेबांनी काय करावं? त्यांना सेमीफायनलला आणि फायनलला चक्क सेंटर फॉरवर्ड खेळवलं. दोन्ही मॅचमध्ये त्यांनी गोल केला. फायनलचा दुसरा गोल त्यांचाच. आता तू म्हणशील, बघा सर, स्टॉपरसुद्धा फॉरवर्ड होऊ शकतो. होऊ शकतो. कॉलेजात ते पुढे खेळलेलेही होते. पण रहीमसाहेबांना तो जुगार खेळता आला, कारण मागे अरुण घोष, चंद्रशेखर ही माणसं उभी होती. त्यांची नावं तू आज पहिल्यांदा वाचतोयस. जर्नेल सिंगांची ओळखसुद्धा आज टाके आणि गोल यांवरच करून देतात. आयुष्यभर अडवलेले गोल कोण मोजणार?

आता पोटाचं बोलू. तुझ्या आईने परवा मला न्यायमंदिरापाशी गाठून तेच विचारलं.

आयएसएलमध्ये २०२१ पासून एका वेळी चारच परदेशी मैदानात उतरू शकतात. या चौघांना क्लब कुठे वापरतात? पुढे, मध्ये, आणि फार तर एक मागे. नऊ नंबरची जागा बहुतेक क्लबांत परदेशी माणसाकडे असते. म्हणूनच भारताचा फॉरवर्ड सुनील छेत्री जून २०२४ मध्ये देशाच्या संघातून निवृत्त झाल्यावर मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. तू हुशार आहेस, लगेच म्हणशील की भारतीय फॉरवर्डची टंचाई आहे तर मला संधीच आहे. टंचाई आहे कारण पोरांना त्या जागेवर मिनिटंच मिळत नाहीत. मागे तसं नाही. दोन्ही साइड बॅक जवळपास सगळीकडे भारतीय, आणि निदान एक स्टॉपर भारतीय. हिशेब तुझा तूच कर, इंजिनिअरिंगला आहेस.

दुसरं, वय. फॉरवर्डचा वेग गेला की तो गेला. स्टॉपर खेळ वाचायला शिकला की टिकतो. इटलीचा बॅक मालदिनी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी मिलानकडून उतरला आणि २००९ पर्यंत त्याच क्लबकडून ९०२ सामने खेळला. पेपे २०२४ च्या युरोत एक्केचाळिसाव्या वर्षी पोर्तुगालच्या बॅकलाइनमध्ये होता. आपल्याकडचा अनस एडाथोडिका, मलप्पुरमचा. मुंबई-पुण्याच्या क्लबांकडून वर्षानुवर्षं खेळला, फोटोबिटो कुठे नाही, आणि भारताकडून पहिली मॅच खेळला २०१७ मध्ये, तिसाव्या वर्षी. तू एकोणिसाव्या वर्षी हिशेब मिटवायला निघालायस.

याचा अर्थ पैसा नक्की मिळेल असा घेऊ नकोस. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवून ठेवल्याचं जाहीर झालं, कारण लीग चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा ठरत नव्हता. काही क्लबांनी पगार रोखले. तिथे गोल करणारा आणि अडवणारा दोघेही सारखेच घरी बसले. म्हणून युनिव्हर्सिटीची डिग्री सोडायची नाही. अटेंडन्सचं पत्र मी देईन, सबमिशन तुझं तू करायचंस. रेल्वे, पोलीस, सेनादल यांच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीवर लक्ष ठेव. मीही डिपार्टमेंटकडूनच खेळलो. शनिवारी मॅच, सोमवारी टेबलावर फाइल. मला या गावात एक शेवउसळवाला सोडला तर फुटबॉलर म्हणून कोणी ओळखत नाही, आणि तोही ओळखतो ते उधारीमुळे. पण दोन मुलांची शिक्षणं त्या नोकरीवर झाली आणि वयाच्या पस्तिशीपर्यंत मला रोज संध्याकाळी बूट बांधता आले. मला हे पुरलं. तुला पुरावं असं नाही, तुझी भूक मोठी असेल तर चांगलंच आहे.

ट्रायलबद्दल. ट्रायलमध्ये स्टॉपरचे हाल असतात हे खरं. वीस मिनिटांचा खेळ, सगळी अनोळखी पोरं, प्रत्येक जण स्वतःसाठी पळणारा. फॉरवर्डने एक गोल मारला की त्याचं नाव वहीत जातं. तुझं जायला हवं असेल तर तोंड उघड. तुझा सगळ्यात मोठा दोष तुझा गप्पपणा आहे, पाय नव्हे. पहिल्या मिनिटाला शेजारच्या दोघांचे जर्सी नंबर पाठ कर आणि ओरडत राहा: मागे माणूस, वळ, लाइन वर, बाहेर काढ. काठावर बसलेल्या माणसाला वीस मिनिटांत तुझा टॅकल दिसेल न दिसेल, आवाज ऐकू येतोच. आणि चार पोरं तुझं ऐकून जागा बदलताना दिसली की तो विचारतो, हा कोण?

स्लायडिंग कमी कर. टाळ्या मिळतात म्हणून तू करतोस, मला कळत नाही असं समजू नकोस. दहापैकी सात वेळा तू घसरतोस ते आधी दोन पावलं चुकलेली असतात म्हणून. शिवाय पोलो ग्राउंडच्या त्या जमिनीवर मे महिन्यात मांडी सोलून निघते आणि पुढचे आठ दिवस तू लंगडतोस.

डाव्या पायाचं काम बाकी आहे. आजकाल स्टॉपरकडून खेळ सुरू होतो. प्रेस आला, म्हणजे समोरचे अंगावर धावून आले, की तू डोळे मिटून उजव्याने लांब उडवतोस, हे कोणत्याही कोचला पाच मिनिटांत समजेल. मांड्यांना ताकद हवी तर जिमच्या मशीनवर पैसे घालवण्याआधी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जा, दोन महिने बैठका मार, मग बोलू.

क्लबला पाठवायचा व्हिडिओ करताना टॅकल-हेडरची गाणं लावलेली मिसळ पाठवू नकोस. एका मॅचची सलग दहा मिनिटं पाठव, न कापता, ज्यात बॉल पलीकडे असताना तू कुठे उभा आहेस ते दिसेल. माझ्या ओळखीचे निवड करणारे तेच मागतात. आणि ट्रायलच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणारा एजंट कितीही गोड बोलला, कितीही मोठ्या क्लबचं नाव घेतलं, तरी नंबर ब्लॉक कर. मागच्या वर्षी आपल्यातल्या एका पोराच्या वडिलांनी असे पैसे भरले. त्या गावात पोहोचले तर ट्रायलच नव्हती.

इन्स्टाग्रामबद्दल मी काही सांगणार नाही, मला त्यातलं कळत नाही. फॉलोअर्स वाढवायचे तर वाढव, वाईट काही नाही. फक्त मॅचच्या रात्री कॉमेंट वाचत जागत जाऊ नकोस. झोप नसली की दुसऱ्या दिवशी तू अर्धं पाऊल उशिरा उठतोस, आणि ते मला लांबून दिसतं.

एवढं वाचूनही फॉरवर्डच व्हायचं असेल तर मी अडवणार नाही. या रविवारी प्रॅक्टिस मॅचमध्ये तुला पूर्ण वेळ नऊ नंबर खेळवतो. खेळून बघ. गोलकडे पाठ करून बॉल घ्यायचा, मागून कोणीतरी टाचा तुडवणार, आणि अर्धा तास एकही बॉल येणार नाही. तुला मार्क करायला मी तुझा धाकटा भाऊ ठेवणार आहे. तो तुला ओळखतो.

ट्रायलचा फॉर्म बुधवारपर्यंत द्यायचा आहे. आधारची झेरॉक्स, जन्मदाखला आणि दोन फोटो, निळ्या पार्श्वभूमीचे नकोत, पांढऱ्या. ‘पोझिशन’च्या रकान्यात पहिली पसंती आणि दुसरी पसंती असे दोन चौकोन आहेत. रविवारची मॅच झाल्यावर भर. पहिला चौकोन तुझा तू ठरव. दुसऱ्यात राइट बॅक लिही, तिथे माणसं नेहमी कमी पडतात.

तुझा,
सर